मंडळात एक पर्जन्यमापक, शिवारात चार पाऊस : पीकविमा नक्की कुठे चाललाय?

शिवारफेरी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस हे लिहायचं मनात होतं, आज बसलोच.

मी लातूरकडचा, कृषी पदविका झालेला. २०२२ ते २०२४ असे तीन खरीप हंगाम मी पीकविम्याचे पंचनामे केले. कंपनीचा नोकर नव्हतो. कंपनीनं काम एका एजन्सीला दिलेलं आणि एजन्सीनं आम्हा पोरांना. गाडी आपली, पेट्रोल आपलं, फोन आपला, आणि पंचनाम्यामागे ठरलेले पैसे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. शेतात पाणी साचलं, गारपीट झाली, काढून ठेवलेलं सोयाबीन भिजलं, तर शेतकऱ्यानं ७२ तासांच्या आत ॲपवर किंवा १४४४७ या नंबरवर पूर्वसूचना द्यायची. मग आमच्यासारखा कुणीतरी कृषी सहायकाला घेऊन त्या गटात (म्हणजे सातबाऱ्यावरच्या त्या जमिनीत) जायचा, नुकसानीचा टक्का लिहायचा, फोटो काढायचा, शेतकऱ्याची सही घ्यायची. सप्टेंबर २०२४ च्या पहिल्याच आठवड्यात लातूर, नांदेड, परभणी, हिंगोली या पट्ट्यात जो पाऊस झाला, त्यानंतर माझ्या यादीत एका दिवसाला पेलवणार नाहीत इतकी नावं येत होती. सकाळी सहाला निघायचं आणि दिवस मावळेपर्यंत चिखल तुडवायचा.

त्या दिवसांत जे पाहिलं त्यावरूनच हा धागा काढतोय. एका गावात ओढ्याच्या अलीकडे सोयाबीन गुडघाभर पाण्यात, शेंगा काळ्या पडलेल्या. ओढा ओलांडून चढावर गेलो तर तिथलं बरडाचं रान झकास, उलट पावसानं दाणा भरलेला. दोघांचं महसूल मंडळ (काही गावांचा मिळून एक भाग) एक, पीक एक, हप्ता एक. पंचनामा होता म्हणून खालच्याला त्याच्या नुकसानीचे पैसे मिळाले आणि वरच्याला मिळाले नाहीत, जे योग्यच होतं.

२०२५ च्या खरिपापासून राज्यानं हे बंद केलं. एक रुपयात विमा द्यायची योजना गेली, पुन्हा खरिपाला २ टक्के, रब्बीला दीड टक्का आणि नगदी पिकांना ५ टक्के हप्ता आला. त्याबद्दल माझी फार तक्रार नाही. पण त्यासोबत स्थानिक आपत्ती, हंगामातली प्रतिकूल परिस्थिती, पेरणीच न होणं आणि काढणीनंतरचं नुकसान, हे भरपाईचे चारही आधार काढून टाकले. आता फक्त पीक कापणी प्रयोग, म्हणजे निवडलेल्या काही वावरांत ठरलेला तुकडा कापून वजन करायचं. अख्ख्या महसूल मंडळाची सरासरी उंबरठा उत्पादनाच्या खाली गेली तरच भरपाई, आणि ती सगळ्यांना सारख्याच टक्क्यानं.

आणि लगेच त्याच वर्षी सप्टेंबर आला. सीना, सिंदफणा, मांजरा, तेरणा काठचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे. पाऊस दिवसेंदिवस गावापुरता, शिवारापुरता पडायला लागलाय. मोजायची साधनं गटापर्यंत, अगदी बांधापर्यंत पोचली आहेत : उपग्रह आहे, ई-पीक पाहणीचा (पेरा नोंदवायच्या सरकारी ॲपचा) अक्षांश-रेखांशासकट फोटो आहे, शेतकरी ओळख क्रमांक आहे. आणि नेमक्या अशा वेळी विमा मात्र गटावरून उठून मंडळाच्या सरासरीवर जाऊन बसला. हे उलटं झालं असं मला मनापासून वाटतं. ज्यांना या व्यवसायातलं आतलं कळतं त्यांनी लिहावं. शेतकऱ्यांनी आपापले अनुभव लिहावेत.

---

आकडेमोड

उत्तम धागा. मी पुण्यात असतो, विमा गणिताचं काम करतो, काही वर्षं पिकांच्या खात्यातही काढली आहेत. तुमच्याशी निम्मा सहमत आहे. उरलेल्या निम्म्याबद्दल लिहितो.

वैयक्तिक पंचनाम्यावर भरपाई देणं ऐकायला न्याय्य वाटतं, पण २०२३ मध्ये काय झालं ते आठवा. एक रुपयात विमा आला आणि अर्जांची संख्या सुमारे ९६ लाखांवरून १ कोटी ७० लाखांच्या घरात गेली. काही ठिकाणी पेऱ्यापेक्षा विमा उतरवलेलं क्षेत्र जास्त भरलं. देवस्थानाच्या, सरकारी जमिनींवर अर्ज निघाले. हप्ता जवळजवळ सगळाच सरकार भरत होतं, त्यामुळे खोट्या अर्जात कुणाच्याच खिशाला थेट चटका नव्हता. त्या परिस्थितीत इतक्या अर्जांचे पंचनामे खरेपणानं करायला पुरेशी माणसं कुठून आणणार होतो? तुम्ही स्वतः सांगताय की दिवसाला पेलवत नव्हतं. मग जे पेललं नाही ते कसं लिहिलं गेलं असेल, याचा विचार करा.

आता जोखमीकडे येऊ. २०२० साली बीडला एकही कंपनी विमा द्यायला तयार होईना. शेवटी सरकारी कृषी विमा कंपनीनं ८०-११० च्या बोलीवर जिल्हा घेतला. म्हणजे भरपाई जमा हप्त्याच्या ११० टक्क्यांवर गेली तर वरचं राज्य सोसणार, आणि ८० टक्क्यांच्या आत राहिली तर कंपनीनं २० टक्के ठेवून बाकीचं राज्याला परत द्यायचं. पुढे हाच 'बीड पॅटर्न' म्हणून सगळीकडे नेला. लोक त्याला कंपन्यांची सोय म्हणतात. मी म्हणतो, जोखीम इतकी वाढली आहे की खासगी भांडवल एकट्यानं ती उचलायला तयार नाही, याची ती पहिली कबुली होती.

पण ज्यावर कुणीच बोलत नाही अशी एक गोष्ट सांगतो आणि ती मला खरंच छळते. उंबरठा उत्पादन कसं निघतं? मागच्या सात वर्षांपैकी चांगल्या पाच वर्षांची सरासरी, गुणिले ७० टक्के. समजा एका मंडळात सोयाबीनचं हेक्टरी उत्पादन सात वर्षांत १५, १४, १४, १३, १३, ९ आणि ८ क्विंटल असं होतं. चांगल्या पाचांची सरासरी १३.८, उंबरठा ९.६६. यंदा ८ क्विंटल आलं तर भरपाई विमा रकमेच्या १७ टक्के.

आता वाईट वर्षं वाढली. सात वर्षं अशी झाली : १४, १३, १२, ९, ८, ७, ५. चांगल्या पाचांची सरासरी ११.२, उंबरठा ७.८४. यंदाही तेच ८ क्विंटल आलं. भरपाई शून्य.

(हे आकडे समजावण्यासाठी घेतलेत, सूत्र मात्र खरं आहे.)

दोन वाईट वर्षं हे सूत्र पोटात घालतं. तिसऱ्यापासून ती सरासरीत शिरतात आणि शेतकऱ्याच्या पायाखालची पायरीच खाली सरकते. ही पद्धत अशा काळासाठी बनली जेव्हा सात वर्षांत एक-दोन वर्षं वाईट जायची.

---

नवखा_वाचक

आकडेमोड, तुमचं गणित दोनदा वाचलं. म्हणजे संकट वारंवार आलं की विमा आपोआप कमी होतो? मग विम्याचा उपयोग काय राहिला? आणि एक भाबडा प्रश्न : ड्रोननं सगळं शिवार का मोजत नाहीत?

---

ढगाआड

ड्रोनच्या प्रश्नाला उत्तर देतो. मी उपग्रह प्रतिमांवरून पीक उत्पादन काढायच्या प्रकल्पांवर काम केलं आहे.

ड्रोन एका शिवाराला उत्तम. अख्ख्या जिल्ह्याला, हंगामात चार वेळा, तेही पावसाळ्यात, हे परवडत नाही. म्हणून उपग्रह. युरोपचा सेंटिनेल-२ दर पाच दिवसांनी दहा मीटरच्या बारकाईनं फोटो देतो आणि तो सगळ्यांना फुकट आहे. केंद्राच्या योजनेत २०२३ च्या खरिपापासून भात आणि नंतर गव्हाच्या उत्पादनात अशा तंत्रज्ञानातून आलेल्या आकड्याला किमान ३० टक्के भार दिला, मग सोयाबीन आलं. जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं विम्यातल्या तंत्रज्ञानासाठी ८२४.७७ कोटींचा वेगळा निधी मंजूर केला. हंगामात चार-पाच वेळा पिकाचे फोटो काढून ते यंत्राकडून वाचून घ्यायचं 'क्रॉपिक'ही त्याच वर्षी सुरू झालं. तेव्हा पैसा आणि इच्छा दोन्ही आहेत.

आता अडचणी. खरीप म्हणजे ढग. जुलै-ऑगस्टमध्ये आठवडेच्या आठवडे साधा कॅमेरा जमीन बघूच शकत नाही. मग रडारवर यावं लागतं. रडार ढगातून बघतो, पण त्यातून पिकाची तब्येत वाचणं जास्त कठीण.

दुसरं म्हणजे उपग्रह हिरवेपणा मोजतो, दाणा मोजत नाही. सोयाबीन काढणीला आलं, पिवळं पडलं, पानं गळाली की उपग्रहासाठी हंगाम संपला. त्यानंतर पाऊस पडून शेंगांना कोंब फुटले तर ते त्याला दिसत नाहीत. मराठवाड्यातलं निम्मं दुखणं नेमकं त्याच पंधरा दिवसांतलं आहे.

तिसरं, सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी. दहा मीटरच्या एका ठिपक्यात दोन पिकं येतात.

आणि सर्वांत महत्त्वाचं. यंत्राला शिकवतं कोण? पीक कापणी प्रयोगच. जिथं प्रयोगाचा आकडा टेबलावर बसून भरला गेला, तिथं मॉडेल तोच आकडा खरा मानून शिकतं. दोन्हीकडून सारखंच उत्तर आलं की लोकांना वाटतं पडताळणी झाली.

---

काळी_माती

मी बीड जिल्ह्यातली. चार एकर आहे, सातबारा मालकांच्या (नवऱ्याच्या) नावावर. मालक ऊसतोडीला जातेत, पेरणी-काढणी माझ्याकडंच.

७२ तासाचं बोलता तुम्ही. २०२४ ला आमच्याकडं पाऊस झाला तवा तीन दिवस लाईट नव्हती. फोन बंद. चार्जिंग करायला तालुक्याला जावं तर पुलावरून पाणी. चौथ्या दिवशी पोरानं ॲप उघडलं, ओटीपी मालकाच्या नंबरवर जातोय आन मालक कर्नाटकात. सूचना घेतलीच नाही. शेजारच्याला मिळाले, आम्हाला नाही. पीक दोघांचं बी सारखंच गेलं होतं.

म्हणून पंचनामा पद्धत लई चांगली होती असं मला म्हणवत नाही. ज्याच्याकडं फोन आन ज्याच्या घरात शिकलेलं पोरगं, त्याच्यासाठी चांगली होती.

पण २०२५ चं बी सांगते. सप्टेंबरात नदीकाठचं आमचं दोन एकर सोयाबीन मातीसकट गेलं. वरच्या अंगाचं दोन एकर राहिलं, त्याला एकरी तीन कट्टे बी उतरलं नाही. सरकारी मदत आली थोडी. विम्याचं विचारलं तर म्हणाले प्रयोगाचा आकडा येईपर्यंत थांबा. प्रयोग कुणाच्या वावरात झाला, कवा झाला, गावात कुणालाच ठावं नाही.

---

शिवारफेरी

काळी_माती ताई, तुमचा प्रतिसाद वाचून गप्प बसलो. ओटीपीच्या अडचणीनं सूचनाच न गेलेली माणसं आम्हाला शेतात भेटायची. 'माझं पण लिहून घ्या की' म्हणायची. यादीत नाव नाही म्हणून मला पुढे जावं लागायचं. मी पंचनाम्याची बाजू घेताना ही माणसं विसरलो होतो, हे कबूल करतो.

---

सेतूवाला

मी विम्याचे अर्ज भरून देणारं सेतू केंद्र चालवतो. अर्जामागे आम्हाला कंपनीकडून ४० रुपये ठरलेले. शेवटच्या तारखेच्या आधी चार दिवस रात्री दोनपर्यंत अर्ज भरलेत, सर्व्हर बसला की लोक ओट्यावर झोपलेत. काही केंद्रांनी खोटे अर्ज भरले हे खरं आहे, त्यांच्यावर कारवाई झाली ते योग्यच झालं. पण २०२५ ला ओळख क्रमांक आणि ई-पीक पाहणी सक्तीची झाल्यावर खोटं क्षेत्र दाखवणं बरंच अवघड झालंय. मग माझा साधा सवाल : खोटे अर्ज अडवायचं कुलूप आता बसलंय, तर ज्या कारणानं पंचनामे बंद केले ते कारण उरतं का?

---

आकडेमोड

सेतूवाला, प्रश्न अगदी नेमका आहे. मला वाटतं ते कारण बरंच कमी झालं. पूर्ण गेलं नाही, कारण ओळख क्रमांक शेतकरी आणि जमीन खरी असल्याचं सांगतो, नुकसान खरं असल्याचं सांगत नाही. आणि वाट्यानं करणाऱ्याला, ज्याचं सातबाऱ्यावर नाव नाही त्याला, ही व्यवस्था अजून दारातच उभं करते. पण दोन्ही गोष्टी एकाच वर्षी करायला नको होत्या. आधी कुलूप लावायचं, दोन हंगाम बघायचं, मग भरपाईचे ते चार आधार काढायचे की ठेवायचे ते ठरवायचं.

---

कातळावरचा

देवगडहून. आमचा विषय थोडा वेगळा, पण दुखणं तेच.

आंब्याला हवामानावर आधारित फळपीक विमा. इथे पंचनामा नाही, कापणी प्रयोग नाही. मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्रानं अवेळी पाऊस, कमी किंवा जास्त तापमान नोंदवलं आणि ते ठरलेल्या मर्यादेपलीकडे ठरलेले दिवस राहिलं, की भरपाई. कागदावर याहून सरळ काही नाही. कुणाच्या दारात जायला नको, कुणाची सही नको. तंत्रज्ञानानं विमा बदलला म्हणतात तो हाच.

पण केंद्र कुठं आहे ते बघा. आमच्या मंडळातलं केंद्र सड्यावर, म्हणजे वरच्या कातळ पठारावर, वारा खेळतो अशा जागी. माझी दीडशे कलमं खाडीच्या बाजूला उतारावर. मोहर फुटायच्या दिवसांत पहाटे खाली जी थंडी साठते ती वर नसते, आणि मार्चात खाली जी धग असते तीही वर नसते. एका वर्षी माझ्या बागेत अवेळी सर आली, मोहर काळा पडला, बुरशी आली. केंद्रावर त्या दिवशी पाऊस शून्य. त्याच्या पुढच्या वर्षी उलट. केंद्रावर नोंद झाली, मला पैसे आले आणि माझ्या बागेत तेव्हा काही झालंच नव्हतं. पैसे घेतले, खोटं कशाला बोलू. पण ज्या वर्षी बुडालो त्या वर्षी मिळाले असते तर फवारणीची उधारी फिटली असती.

आमच्याकडे एका गावात केंद्राभोवती झाडं वाढली, सावली पडायला लागली. शेतकऱ्यांनी अर्ज केला, फोटो दिले. अर्जाला उत्तर आलं तोवर हंगाम गेला होता.

केंद्र सरकारच्या विंड्स प्रकल्पात ग्रामपंचायत पातळीवर पर्जन्यमापक आणि तालुक्या-मंडळात हवामान केंद्रं वाढवायचं ठरलंय. ते लवकर व्हावं. आणि एक मागणी : प्रत्येक केंद्राच्या जागेचा फोटो आणि शेवटची तपासणी कधी झाली ती तारीख लोकांना बघता आली पाहिजे.

---

निवृत्त_कृषी

मी कृषी खात्यात तीस वर्षांहून जास्त होतो. थोडा इतिहास सांगणं गरजेचं वाटतं, कारण मंडळाच्या सरासरीला सगळे शिव्या घालताहेत.

पावसावर आधारित विमा ही कल्पना आजची नाही. म्हैसूर संस्थानातल्या जे. एस. चक्रवर्ती यांनी १९२० साली ती पुस्तकरूपानं मांडली होती. स्वातंत्र्यानंतर एकेका शेतकऱ्याचं नुकसान मोजून विमा द्यायचे प्रयोग झाले आणि ते खर्चापायी फसले. मग पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले प्रा. वि. म. दांडेकर यांनी क्षेत्र पद्धतीचा आग्रह धरला. त्यांच्या मांडणीवर १९७९ मध्ये पथदर्शी योजना आली, १९८५ मध्ये सर्वंकष पीकविमा, १९९९ मध्ये राष्ट्रीय कृषी विमा आणि २०१६ मध्ये प्रधानमंत्री पीकविमा.

दांडेकरांचा विचार व्यवहारी होता. देशातल्या प्रत्येक वावरात जाऊन मोजणं अशक्य. शिवाय एकट्याच्या उत्पादनावर भरपाई ठरली तर मशागत करायची इच्छाच कमी होईल ही भीती. म्हणून आसपासच्या एकसारख्या प्रदेशाची सरासरी. यातला 'एकसारखा' हा शब्द महत्त्वाचा आहे. दुष्काळ येतो तेव्हा सगळ्या मंडळाला येतो, तिथं ही पद्धत आजही न्याय देते. ऑगस्ट २०२३ मध्ये पावसानं दडी मारली, १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, तेव्हा ओढ्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा दोघंही करपले. ढगफुटी आणि पूर यांना ही पद्धत लावली की ती तोकडी पडते, कारण पाणी उतार बघून जातं, मंडळाची हद्द त्याला माहीत नसते.

कापणी प्रयोगाबद्दल. पूर्वी हा आकडा राज्याच्या उत्पादनाच्या अंदाजासाठी असायचा. गट यादृच्छिक क्रमांकानं निवडायचा, वावरात कोपरा धरून ठरलेल्या मापाचा तुकडा आखायचा, तेवढंच पीक कापायचं, मळायचं, वजन करायचं, वाळवून पुन्हा वजन. एका प्रयोगाला अख्खा दिवस जातो. कुणाला त्यात स्वारस्य नव्हतं म्हणून तो बऱ्यापैकी खरा असायचा. त्यावर कोट्यवधी रुपये ठरायला लागल्यापासून त्या दहा-वीस किलोच्या ढिगाभोवती माणसं जमू लागली. गाव म्हणतं कमी लिहा, कंपनीचा प्रतिनिधी म्हणतो तुकडा चुकीचा आखला. मधे आमचा सहायक, ज्याच्याकडे त्याच आठवड्यात आणखी कितीतरी प्रयोग. आता ॲपवर जागा आणि वेळ नोंदली जाते ही फार चांगली सुधारणा आहे. पण २०२५ पासून सगळा भार याच एका प्रयोगावर आला. एवढ्या खांबावर एवढं छप्पर पेलायचं असेल तर खांबाकडे माणसं आणि पैसा तितका गेला पाहिजे. तसं झालेलं मला दिसत नाही.

---

नवखा_वाचक

एवढं वाचून सुचलेलं. २०२४ च्या उन्हाळ्यात सेवा संस्थेच्या कष्टकरी बायकांना उष्णतेच्या विम्यातून पैसे मिळाल्याचं वाचलं होतं. राजस्थान, गुजरात, महाराष्ट्रातल्या ५० हजारांच्या आसपास बायकांचा विमा होता, पारा ४० च्या वर गेल्यावर बहुतेकींच्या खात्यात प्रत्येकी ४०० रुपये जमा झाले. अर्ज नाही, पंचनामा नाही. असं पुराला का नाही करता येणार?

---

कातळावरचा

उन्हाला ते जमतं, कारण शहरात ऊन सगळ्यांवर जवळजवळ सारखं पडतं. आणि ४०० रुपये हे एका दिवसाच्या बुडालेल्या मजुरीच्या आसपासचे, तिथं थोडं इकडंतिकडं चालून जातं. अख्ख्या हंगामाचं पीक असलं की चुकीच्या नोंदीची किंमत फार मोठी होते. कल्पना वाईट नाही, पण माझा अनुभव वर लिहिलाच आहे.

---

ढगाआड

नवखा_वाचक, पुरासाठी हे करता येईल आणि माझ्या मते करायलाच हवं. रडार उपग्रहाला साचलेलं पाणी स्पष्ट दिसतं. गटांचे नकाशे आहेत, ई-पीक पाहणीतून गटात काय पेरलंय ते आहे. तीन थर एकावर एक ठेवले की कोणते गट किती दिवस पाण्याखाली होते याची यादी निघते. काळी_माती ताईंना फोन चार्ज करायची गरजच राहणार नाही.

अडचण कालपर्यंत वारंवारतेची होती. सेंटिनेल-१ या युरोपच्याच रडार उपग्रहांच्या जोडीतला एक उपग्रह डिसेंबर २०२१ मध्ये बंद पडला, बदली डिसेंबर २०२४ मध्ये गेला. मधल्या काळात उपग्रह त्याच जागेवर बारा-बारा दिवसांनी यायचा, तोवर ओढ्याचं पाणी ओसरलेलं असायचं. आता जोडी पुन्हा पूर्ण झाली आहे. शिवाय ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून निसार गेलाय, इस्रो आणि नासाचा. त्याच्या लांब तरंगलांबीच्या रडारला पिकाच्या पानाखालचं पाणीही ओळखता येतं. आणखी एक-दोन हंगाम त्याची माहिती हाताशी आली, की 'दिसलं नाही' हे कारण बरंचसं संपेल.

---

आकडेमोड

ढगाआड यांच्या सूचनेवर विमा कंपनीच्या बाजूनं बोलतो. पाण्याखाली गेलेल्या गटांची यादी जर सरकारी संस्था काढणार असेल, कंपनीही नाही आणि शेतकरीही नाही, तर मी हप्ता काढताना त्यावर विश्वास ठेवीन. पंचनाम्यातली अनिश्चितता हीच हप्ता वाढवते. मात्र हप्ता वाढेल हे नक्की, आणि तो कुणी भरायचा हे आधी ठरवावं लागेल. नदीकाठच्या गटाची खरी जोखीम हप्त्यात उतरवली तर २ टक्क्यांत ते बसणारच नाही. त्याला जास्त हप्ता लावायचा, की सगळ्यांनी मिळून सोसायचं? मी सगळ्यांनी सोसायच्या बाजूचा आहे. नदीकाठी जमीन असणं हा कुणाचा गुन्हा नाही, आणि वरच्या धरणातून पाणी कधी सुटणार हे त्याच्या हातात नसतं.

केंद्रानं नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलंय की २०२६ च्या खरिपापासून वन्य प्राण्यांनी केलेलं नुकसान आणि भातात पाणी साचणं हे स्थानिक जोखमीत येणार. म्हणजे केंद्र गटाकडे परत वळतंय. आपल्या राज्यानं त्याच दिशेनं यावं आणि त्यात भातासोबत सोयाबीनही घ्यावं.

---

शिवारफेरी

सगळ्यांचे मनापासून आभार. माझं मत धागा काढला तेव्हा होतं त्यापेक्षा थोडं बदललं आहे. जुना पंचनामा जसाच्या तसा परत आणा असं आता म्हणणार नाही. दुष्काळासाठी मंडळाची सरासरी राहू द्या. पूर, ढगफुटी, गारपीट आणि काढणीनंतरचा पाऊस यांसाठी गट पकडा. पुराची यादी उपग्रहावरून काढा, सूचनेची अट नको. उपग्रहाला जे दिसत नाही, म्हणजे कोंब फुटलेली शेंग आणि भिजलेली बनीम (कापलेल्या सोयाबीनचा ढीग), तिथं मात्र माणूस पाठवा, आणि त्याला दिवसाला मोजकेच पंचनामे द्या. मी तिथं उभा राहिलोय म्हणून सांगतो, बनिमीत हात घातल्याशिवाय आतलं सोयाबीन किती तापलंय ते कळत नाही. वरचा थर कोरडा असतो.

---

काळी_माती

दादा, एक विचारते. आमच्याकडं हरभऱ्याचा प्रयोग फेब्रुवारीत होईल म्हणतेत. रब्बीचा विमा भरलाय. आपल्याला तिथं जाऊन उभं राहता येतं का? सातबारा मालकाच्या नावावर आहे म्हणून बाईला हाकलून देतील का?

---

निवृत्त_कृषी

ताई, जरूर जा. प्रयोग उघड्या रानात, गावकऱ्यांसमोर व्हायचा असतो, त्याला सातबारा लागत नाही. आधी कृषी सहायकाला भेटून तुमच्या मंडळात हरभऱ्यासाठी कोणत्या गावातले कोणते गट निघालेत आणि कापणी कधी आहे, एवढं विचारा. तोंडी सांगितलं नाही तर तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या नावे साध्या कागदावर अर्ज द्या आणि पोच घ्या. कापणीच्या दिवशी तुकडा आखताना आणि वजन करताना हजर राहा, वजनाचा आकडा वहीत तारखेसह लिहून ठेवा. चार बायका मिळून गेलात तर अधिक बरं.

---

शिवारफेरी

ताई, अर्जाचा मसुदा मी आज रात्री लिहून देतो. गावाचं नाव, मंडळ आणि गट नंबर इथे उघडपणे टाकू नका, मला व्यक्तिगत निरोप करा. माझा एक जुना सोबती अजून तुमच्याच भागात प्रयोगाच्या कामावर जातो, त्याला विचारून तारीख कळवतो.